कर, गुंतवणूक आणि विकास : वसई-विरारचा अनुभव व आफ्रिकी देशांचे धडे

कोणत्याही प्रदेशाच्या उभारणीत पैशाचे दोन प्रवाह असतात. एक गुंतवणुकीचा आणि दुसरा कराचा. गुंतवणुकीतून कारखाने उभे राहतात, घरे बांधली जातात, व्यापार वाढतो. कराच्या उत्पन्नातून रस्ते, पाणी, गटारे, शाळा व दवाखाने यांची तरतूद होते. हे दोन्ही प्रवाह बरोबरीने वाहिले, तर वाढीचे रूपांतर विकासात होते. पहिला प्रवाह वेगाने पुढे गेला व दुसरा मागे राहिला, तर वस्ती वाढते, इमारती वाढतात, परंतु राहणाऱ्यांचे जीवन सुखावह होत नाही. पालघर जिल्ह्यातील वसई-विरार परिसराचा गेल्या चार दशकांचा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे.

याच प्रश्नाशी आफ्रिका खंडातील अनेक देश स्वातंत्र्यप्राप्तीपासून झुंजत आले आहेत. झपाट्याने वाढणारी शहरे, तुटपुंजा महसूल, बाहेरून येणारे भांडवल आणि करदात्यांच्या मनातील साशंकता ही लक्षणे तेथेही आढळतात. त्या देशांनी केलेले काही प्रयोग यशस्वी झाले, तर काही फसले. वसई-विरारच्या अनुभवाशेजारी ते ठेवून पाहिले असता अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांना उपयुक्त ठरतील असे काही निष्कर्ष हाती येतात.

एक जुना धागा

वसई आणि आफ्रिका यांचा करविषयक संबंध वाटतो तितका दूरचा नाही. १५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली. पुढे दमणपासून चौलपर्यंतच्या मुलखाचा कारभार वसईहून चालू लागला. हा मुलूख पोर्तुगीजांच्या दप्तरी ‘उत्तर प्रांत’ म्हणून ओळखला जात असे. या प्रांतातील गावे सरदारांना व धार्मिक संस्थांना काही पिढ्यांच्या मुदतीने लावून देण्याची पद्धत होती. ज्याला गाव मिळे, त्याने सरकारात ठराविक वार्षिक खंड भरावा व प्रसंगी शिबंदीसह चाकरी करावी, असा करार असे. या खंडाला ‘फोरो’ म्हणत. मुंबईतील फोरास रोड या नावात त्या शब्दाची खूण आजही शिल्लक आहे.

पोर्तुगीजांनी हीच पद्धत पूर्व आफ्रिकेत, आजच्या मोझांबिकमधील झांबेझी नदीच्या खोऱ्यात, ‘प्राझो’ या नावाने राबविली. तेथेही जमीन सामान्यतः तीन पिढ्यांसाठी दिली जाई आणि धारक तेथील रयतेकडून डोईपट्टी वसूल करी. दोन्ही ठिकाणच्या व्यवस्थेत एक गोष्ट समान होती. रयत देत असलेल्या पैशाचा आणि रयतेला मिळणाऱ्या सोयीचा परस्परांशी काहीही संबंध नव्हता. कर हा केवळ वसुलीचा विषय होता. वसईत हा अंमल १७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकल्यावर संपुष्टात आला. मोझांबिकमध्ये मात्र १८९१ नंतर सनदी कंपन्यांना कर गोळा करण्याचे अधिकार मिळाले आणि देश स्वतंत्र होण्यास १९७५ साल उजाडले. कराविषयीची अढी अशा दीर्घ अनुभवातून निर्माण होते, हे ध्यानी घेतल्याखेरीज आजच्या करदात्याची मनोभूमिका समजणे कठीण आहे.

वाडीपासून महानगरापर्यंत

वसई तालुक्याची जुनी अर्थव्यवस्था वाडी, मिठागर, मासेमारी आणि वैतरणा व उल्हास या दोन नद्यांच्या मुखांवरील खाड्यांतून चालणारा व्यापार यांवर उभी होती. पश्चिम पट्ट्यातील केळी, पानवेली, भाजीपाला व फुले मुंबईच्या बाजारात जात. आगाशीची सुकेळी प्रसिद्ध होती. १८६४ साली मुंबई ते सुरत हा लोहमार्ग सलग झाला, १८६७ साली विरारहून मुंबईस उपनगरी गाडी सुरू झाली आणि १९३६ साली विद्युत गाडी विरारपर्यंत पोहोचली. तरीही स्वातंत्र्यानंतर बराच काळ हा तालुका मुंबईला भाजी व फुले पुरविणारा हिरवा पट्टा म्हणूनच ओळखला जात होता.

मुंबईत जागेची टंचाई वाढल्यानंतर चित्र पालटले. वसई पूर्वेस गोखिवरे, वालीव, सातिवली या भागांत छोट्या उद्योगांचे गाळे उभे राहिले. लोहमार्गाच्या दोन्ही बाजूंस मध्यमवर्गीय व कष्टकरी कुटुंबांसाठी इमारती झाल्या. १९८८ साली हरित पट्ट्यातील जमिनी बांधकामास खुल्या करण्याच्या धोरणाविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो आदींच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली. विहिरींतून बेसुमार पाणी उपसल्यास ती खारी होतील आणि वाड्या उजाड होतील, ही तिच्यामागील चिंता होती. १९९० साली या उपप्रदेशासाठी सिडकोची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नियुक्ती झाली. विकास आराखड्यास मंजुरी मिळण्यास मात्र २००७ साल उजाडले. मधल्या काळात गुंतवणूक थांबली नव्हती. ती नियोजनाच्या पुढे धावत होती.

३ जुलै २००९ रोजी वसई, नालासोपारा, विरार व नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि ५३ ग्रामपंचायती मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे १२ लाख २२ हजार नोंदली गेली. अनेक गावांनी महानगरपालिकेत समाविष्ट होण्यास विरोध केला. शेतीचा पट्टा नष्ट होईल व शहरी दराने कर भरावा लागूनही सोयी मिळणार नाहीत, ही त्यामागील धास्ती होती. हा वाद पुढे न्यायालयातही गेला. २०१४ साली ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा निर्माण झाला आणि वसई हा त्या जिल्ह्याचा सर्वाधिक नागरी तालुका ठरला.

स्थानिक कर कसा ठरतो ?

ग्रामपंचायतीस महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ अन्वये इमारती व जमिनींवर कर बसविण्याचा अधिकार आहे. या कराची आकारणी नमुना ८ च्या नोंदवहीत होते, मागणी नमुना ९ मध्ये लिहिली जाते आणि भरलेल्या रकमेची पावती नमुना १० मध्ये दिली जाते. महानगरपालिका क्षेत्रात मालमत्ता कर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमान्वये आकारला जातो. कराच्या देयकात राज्य शासनाचा शिक्षण उपकर व रोजगार हमी उपकरही समाविष्ट असतो.

आकारणीची रीत एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट करता येईल. एखाद्या गाळ्यास वर्षाकाठी ६०,००० रुपये भाडे येऊ शकेल असे मानले, तर त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के, म्हणजे ६,००० रुपये वजा होतात. उरलेले ५४,००० रुपये हे त्या गाळ्याचे करयोग्य मूल्य होय. सर्व बाबी मिळून कराचा दर २५ टक्के धरल्यास वार्षिक कर १३,५०० रुपये होतो. असे १०० गाळे नोंदीतून सुटले, तर एका वर्षात १३ लाख ५० हजार आणि दहा वर्षांत १ कोटी ३५ लाख रुपयांचा महसूल बुडतो. या गाळ्यांना पाणी लागते, त्यांचा कचरा उचलावा लागतो, त्यांच्यासमोरचा रस्ताही झिजतो. त्याचा भार नोंदीत असलेल्या प्रामाणिक करदात्यावर पडतो.

मालमत्ता करासच आज एवढे महत्त्व का आले, हे पाहणे अगत्याचे आहे. पूर्वी नागरी संस्थांच्या उत्पन्नात जकातीचा वाटा मोठा असे. नगरपरिषदांची जकात १९९९ साली बंद झाली. महानगरपालिकांत तिची जागा स्थानिक संस्था कराने घेण्यास २०१० पासून आरंभ झाला. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर तोही संपला आणि त्याऐवजी राज्य शासनाकडून भरपाई देण्याचा कायदा झाला. भरपाईमुळे उत्पन्नाची उणीव भरून निघते; परंतु ती रक्कम ठरविणे स्थानिक संस्थेच्या हाती राहात नाही. यास्तव संस्थेच्या स्वतःच्या निर्णयाने वाढू शकेल असा मोठा कर म्हणून मालमत्ता करच उरतो. पंधराव्या वित्त आयोगानेही नागरी संस्थांच्या अनुदानासाठी मालमत्ता कराचे किमान दर अधिसूचित करणे व वसुलीत राज्याच्या उत्पन्नवाढीशी सुसंगत वाढ दाखविणे या अटी घातल्या होत्या.

आफ्रिकी देशांचा अनुभव

आफ्रिकेतील ज्या देशांची आकडेवारी आंतरराष्ट्रीय पाहणीत संकलित होते, त्यांत कराचे उत्पन्न राष्ट्रीय उत्पन्नाच्या सरासरी सुमारे १६ टक्के आहे. प्रगत देशांच्या गटात हेच प्रमाण सुमारे ३४ टक्के आहे. दुसरीकडे, माजी राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय समितीने २०१५ साली असा अंदाज दिला की, दरवर्षी ५० अब्ज डॉलरहून अधिक रक्कम अवैध मार्गांनी आफ्रिकेबाहेर जाते. खोट्या किमती दाखवून होणारा व्यापार व करचुकवेगिरी यांचा त्यात मोठा भाग आहे. गुंतवणूक येते, उत्पादन होते. पण त्याची खरी नोंद शासनाच्या दप्तरी होत नाही, असा याचा अर्थ होय. याच जाणिवेतून आफ्रिकी देशांच्या गटाने आंतरराष्ट्रीय करनियमांचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला आणि २०२४ च्या अखेरीस त्याविषयीच्या आराखडा कराराची कार्यकक्षा मंजूर झाली.

या खंडातील देश परस्परांहून फार भिन्न आहेत, हे विसरता कामा नये. त्यांपैकी काहींचा अनुभव विशेष उद्बोधक आहे.

बोत्स्वाना १९६६ साली स्वतंत्र झाला, तेव्हा तो जगातील अत्यंत गरीब देशांपैकी एक होता. पुढच्याच वर्षी ओरापा येथे हिरे सापडले. खनिजांचे हक्क एकेका जमातीकडे न ठेवता संपूर्ण राष्ट्राकडे सोपविण्याचा कायदा १९६७ साली झाला. हिरे कंपनीत शासनाने पुढे निम्मा हिस्सा मिळविला आणि त्या उत्पन्नातून शाळा, रस्ते व पाणी योजना उभारल्या. पुढील पिढ्यांसाठी १९९४ साली ‘पुला निधी’ स्थापन केला. तथापि, एकाच साधनावरील अवलंबित्वाचा धोकाही या देशाने अनुभवला. हिऱ्यांची जागतिक मागणी घटल्यामुळे २०२४ साली तेथील अर्थव्यवस्था आकुंचन पावली.

मॉरिशस या बेटावर एकोणिसाव्या शतकात कोकणातून गेलेल्या मजुरांचे वंशज आजही मराठी परंपरा जपून आहेत. १९६८ साली स्वातंत्र्य मिळाले, तेव्हा तेथील अर्थव्यवस्था उसावर विसंबून होती. १९७० साली निर्यात-उद्योगांसाठी विशेष सवलतींचा कायदा झाला. साखरेच्या नफ्यातील भांडवल कापड-उद्योगाकडे वळले आणि रोजगार वाढला. दुसऱ्या बाजूस, १९८२ साली भारताशी झालेल्या दुहेरी करटाळणी कराराचा उपयोग करून तेथून भारतात येणाऱ्या गुंतवणुकीवरील भांडवली नफ्याचा कर वाचविला जाऊ लागला. २०१६ साली करारात दुरुस्ती होऊन १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या समभागांवरील अशा नफ्यावर भारताला कर लावता येऊ लागला. करसवलत हे गुंतवणूक आणण्याचे साधन असले, तरी तिची मुदत व तिचा हेतू स्पष्ट असावा लागतो, हे या दोन घटनांवरून दिसते.

युगांडात स्थानिक संस्थांचा मुख्य आधार असलेली डोईपट्टी २००५ साली बंद करण्यात आली. ती जाचक होती व तिची वसुली अनेकदा दांडगाईने होई, त्यामुळे लोकांना दिलासा मिळाला. परंतु स्थानिक संस्थांच्या हातचे उत्पन्न गेले आणि त्या केंद्राच्या अनुदानावर विसंबू लागल्या. महाराष्ट्रातील जकातीच्या इतिहासाशी याचे साम्य सहज लक्षात येण्यासारखे आहे. वाईट कर काढून टाकणे योग्यच असते. मात्र त्याच्या जागी चांगला स्थानिक कर उभा करावा लागतो.

केनियाने मोंबासा ते नैरोबी हा नवा लोहमार्ग प्रामुख्याने चिनी कर्जातून उभारला. त्यासाठी २०१३ पासून आयातीवर रेल्वे विकास उपकर बसविला आणि २०१७ साली मार्ग खुला झाला. पुढे कर्जफेडीचा एकूण बोजा वाढत गेला. जून २०२४ मध्ये नवे कर सुचविणाऱ्या वित्त विधेयकाविरुद्ध तरुण रस्त्यावर उतरले, अनेकांचे प्राण गेले आणि अखेर विधेयक मागे घ्यावे लागले. झांबिया तर नोव्हेंबर २०२० मध्ये परदेशी रोख्यांवरील व्याजाचा हप्ता चुकता करू शकला नाही. भांडवल कर्जाऊ आणले, तरी त्याची किंमत शेवटी करदात्यालाच चुकवावी लागते; आणि ती त्याला आधी विश्वासात घेऊन सांगितली नाही, तर असंतोष उफाळून येतो.

फ्रीटाऊनचा प्रयोग

वसई-विरारच्या दृष्टीने सर्वांत जवळचे उदाहरण सिएरा लिओनची राजधानी फ्रीटाऊन हिचे आहे. या देशात १८९८ साली ब्रिटिशांनी लादलेल्या झोपडी-कराविरुद्ध मोठा उठाव झाला होता. कर म्हणजे जुलूम, ही भावना तेथे खोलवर रुजलेली होती. शहर समुद्र व डोंगर यांच्या बेचक्यात दाटीने वाढले. परंतु मालमत्तांची नोंद जुनीच राहिली. जुन्या पद्धतीत मोठ्या नव्या घराचा मालक आणि जुन्या साध्या घराचा मालक यांच्या करात फारसा फरक राहात नसे.

२०२० साली तेथील नगरपालिकेने ही व्यवस्था बदलली. उपग्रहाच्या छायाचित्रांवरून घरांचे क्षेत्रफळ मोजण्यात आले. छपराचा प्रकार, भिंती, रस्त्याची सोय, परिसर अशा बाहेरून दिसणाऱ्या बाबींना गुण देण्यात आले व त्या गुणांवरून कर ठरविण्यात आला. नोंदीतील मालमत्तांची संख्या सुमारे ५७ हजारांवरून १ लाख २० हजारांच्या घरात गेली. साध्या घरांचा कर कमी झाला, आलिशान घरांचा वाढला. कोणत्या बाबीला किती गुण, हे मालकाला समजू शकत असल्याने त्याला हरकत घेणे सोपे झाले. वाढीव उत्पन्नातून कोणती कामे घ्यावीत, याविषयी प्रभागांतील लोकांचे म्हणणे विचारात घेण्याची व्यवस्थाही करण्यात आली.

या प्रयोगातील यंत्रसामग्रीपेक्षा त्याचा क्रम अधिक महत्त्वाचा आहे. आधी संपूर्ण नोंद, नंतर सर्वांना समजेल अशी आकारणी, त्यानंतर वसुली आणि अखेरीस दिसेल असा परतावा. या चारपैकी एखादी पायरी गाळली, तर पुढची पायरी डळमळीत होते.

वसई-विरारपुढील प्रश्न

बोत्स्वानाजवळ हिरे होते. वसई-विरारजवळ जमीन आहे. जमिनीवर इमारत उभी राहताना स्थानिक संस्थेला विकास शुल्क व परवानगीची रक्कम मिळते. ही रक्कम एकदाच मिळते. इमारतीतील कुटुंबांना मात्र पाणी, सफाई, शाळा व दवाखाना दररोज लागतो. एकरकमी उत्पन्नावर दैनंदिन खर्च चालविण्याची सवय लागली, तर बांधकाम मंदावताच संस्थेची अवस्था हिऱ्यांची मागणी घटलेल्या देशासारखी होते. यास्तव जमिनीपासून मिळणारे उत्पन्न कायम टिकणाऱ्या कामांत घालणे आणि दैनंदिन खर्च वार्षिक करातून भागविणे, हा नियम पाळणे हिताचे ठरते.

नोंद व नियोजन यांची फारकत झाली म्हणजे काय होते, याचे दुःखद उदाहरण नालासोपारा पूर्वेस घडले. सांडपाणी प्रक्रिया व घनकचरा प्रकल्पासाठी राखीव असलेल्या जमिनीवर ४१ अनधिकृत इमारती उभ्या राहिल्या होत्या. उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २०२४ च्या अखेरीपासून २०२५ च्या आरंभापर्यंत त्या पाडण्यात आल्या आणि सुमारे अडीच हजार कुटुंबे बेघर झाली. आयुष्याची पुंजी घालून घर घेणाऱ्यांची गुंतवणूक मातीमोल झाली आणि शहराच्या सांडपाण्याचा प्रश्न तेवढाच कायम राहिला. ऑगस्ट २०२५ मध्ये विरार येथे एक अनधिकृत चार मजली इमारत कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला.

या संदर्भात एका व्यापक गैरसमजाचा उल्लेख करणे आवश्यक आहे. घरपट्टीची पावती असली म्हणजे घर कायदेशीर आहे, असे अनेकजण समजतात. ही समजूत चुकीची आहे. कर हा मालमत्तेच्या अस्तित्वावर व वापरावर बसतो. अनधिकृत बांधकामावरही कर व त्याखेरीज शास्ती आकारण्याची तरतूद महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७-अ मध्ये आहे. मात्र त्यामुळे बांधकाम नियमित होत नाही, हेही कायद्यात स्पष्ट आहे. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा हाही मालकीचा किंवा बांधकाम परवानगीचा पुरावा नव्हे. घर घेण्यापूर्वी जमिनीचा सात-बारा, बिनशेती आदेश, मंजूर नकाशा, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र व भोगवटा प्रमाणपत्र पाहणे आणि जमीन विकास आराखड्यात आरक्षित तर नाही ना, याची खात्री करून घेणे हाच योग्य मार्ग होय.

दुसरा प्रश्न परताव्याचा आहे. वसई-विरारला पाणी पुरविणाऱ्या सूर्या प्रादेशिक योजनेची क्षमता दररोज ४०३ दशलक्ष लिटर असून त्यांपैकी १८५ दशलक्ष लिटर वसई-विरारसाठी व २१८ दशलक्ष लिटर मीरा-भाईंदरसाठी आहे. सूर्या नदीवरील प्रकल्प मूळात या जिल्ह्यातील आदिवासी तालुक्यांच्या सिंचनासाठी योजलेला होता. म्हणजेच शहराच्या नळातील पाण्यात ग्रामीण भागाचा त्याग मिसळलेला आहे. शहराने आपला कर पूर्णपणे आकारून वसूल करणे, गळती रोखणे व सांडपाण्यावर प्रक्रिया करणे हे त्या भागाविषयीचे कर्तव्यही ठरते.

तिसरा प्रश्न येऊ घातलेल्या गुंतवणुकीचा आहे. डहाणू तालुक्यातील वाढवण बंदराच्या सुमारे ७६,२२० कोटी रुपयांच्या प्रकल्पास जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. मुंबई-अहमदाबाद अतिवेगवान रेल्वेचे एक स्थानक विरार येथे नियोजित आहे. अशा प्रकल्पांमुळे आसपासच्या जमिनींच्या किमती चढतात, गोदामे व चाळी उभ्या राहतात, कामगारांची वस्ती वाढते. आज ज्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत शेती व पाडे आहेत, तेथे हे बदल वसईपेक्षाही वेगाने घडू शकतात. वसईत जे उशिरा सुचले, ते तेथे वेळेवर करण्याची संधी आहे.

आपल्याच राज्यातील एक आदर्श

कर व परतावा यांची सांगड घालण्याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच सापडते. १९७२ च्या दुष्काळाच्या अनुभवातून रोजगार हमी योजना आकारास आली. तिच्यासाठी पैसा उभा करण्याकरिता १९७५ साली व्यवसाय कर बसविण्यात आला. शहरातील नोकरदार व व्यावसायिक यांनी दरमहा थोडी रक्कम द्यावी आणि तीतून खेड्यातील हातांना काम मिळावे, हा त्यामागील विचार होता. कर कशासाठी आहे हे सांगितले गेले होते आणि विहिरी, बंधारे, रस्ते यांच्या रूपाने तो कोठे गेला हे दिसत होते. पुढे २००५ साली रोजगार हमीचा राष्ट्रीय कायदा करताना या योजनेचा अनुभव मार्गदर्शक ठरला.

अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्यांसाठी

पंचायत सदस्यांनी आपल्या गावातील नमुना ८ ची नोंदवही प्रत्यक्ष घरांशी ताडून पाहावी. नवे गाळे, गोदामे, भ्रमणध्वनीचे मनोरे, ढाबे व विश्रामगृहे नोंदीत आली आहेत काय, हे तपासावे. चार वर्षांनी होणारी फेर-आकारणी टाळू नये. कारण टाळलेली वाढ पुढे एकदम लादावी लागते आणि गाव नाराज होते. वर्षभरात किती कर आला व कोणत्या कामावर गेला, हे ग्रामसभेत वाचून दाखवावे व फलकावर लावावे.

अधिकाऱ्यांनी कर विभागाची नोंद व नगररचना विभागाचा नकाशा एकत्र ठेवून पाहण्याची पद्धत अंगीकारावी. कर विभागाला जी इमारत दिसते, ती नगररचना विभागाच्या नकाशावर नसेल, तर तो पहिला इशारा समजावा. पाया खणला जात असताना थांबविलेल्या बांधकामामुळे एका माणसाचे नुकसान होते. माणसे राहावयास आल्यावर पाडलेल्या इमारतीमुळे शेकडो कुटुंबांचे होते.

शिक्षकांना नागरिकशास्त्राच्या तासाला हा विषय सहज शिकविता येईल. शाळेच्या परिसरातील घरांची मोजदाद, घरातील कराच्या देयकाचे वाचन व करयोग्य मूल्याचे गणित हे मुलांसाठी चांगले पाठ आहेत. गावातील दिवा, नळ व गटार यांना लागणारा पैसा कोठून येतो, हे ज्या मुलाला शाळेतच समजले, तो मोठेपणी कर भरील आणि हिशेबही मागील.

समारोप

बोत्स्वानाची दूरदृष्टी, युगांडाची अडचण, केनियातील असंतोष आणि फ्रीटाऊनची नोंदवही या सर्वांतून एकच गोष्ट प्रत्ययास येते. कर टिकतो तो विश्वासावर, आणि विश्वास निर्माण होतो तो पूर्ण नोंद व उघड हिशेब यांतून. वसई-विरारमध्ये गुंतवणुकीची उणीव कधीच नव्हती. उणीव राहिली ती त्या गुंतवणुकीची वेळीच नोंद घेऊन तिला नियोजनाच्या चौकटीत आणण्याची. जे घर नोंदवहीत व नकाशावर दोन्हीकडे आहे, त्याच्यासाठीच पाण्याचा, गटाराचा व शाळेचा अंदाज बांधता येतो. म्हणून आकारणीची नोंदवही हा गावाच्या विकासाचा पहिला दस्तऐवज आहे, असे मानून तिची निगा राखणे हे पालघर जिल्ह्यातील प्रत्येक स्थानिक संस्थेचे आद्य कर्तव्य ठरते.